वासराच्या वाट्याचे दूध

सकाळी सातपर्यंत सोमारीने गोठ्यातले शेण उकिरड्यावर नेऊन टाकले होते आणि रंजीताने तीन महिन्यांच्या वासराच्या छातीला टेप लावला होता. घेर शहाऐंशी सेंटिमीटर भरला. दहा गोंड कुटुंबांच्या या सामायिक शेतात जनावरांची पाळी त्या दिवशी या दोघींकडे होती. बाकीचे बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणीला उतरले होते.

गाय सरकारी दूध योजनेतून आली होती. तिचे दूध काढायचे नाही, हे गावाने ठरवलेले. कधी ठरवले, हे कोणालाच आठवत नव्हते; मोडले तर देव कोपतो, एवढे सगळे म्हणत. दूध वासराचे, एवढेच सोमारी सांगे. बी.एस्सी. झालेल्या रंजीताला देवाच्या कोपाचा पुरावा कधी सापडला नव्हता. म्हणून ती मोजत होती. शेजारच्या गावी त्याच योजनेची गाय दोन्ही वेळा पिळली जात होती. तिचे तेवढ्याच वयाचे वासरू चौऱ्याहत्तरवर अडले होते. दोन वासरांवरून नियम सिद्ध होत नाही, हे तिला ठाऊक होते. पण शेताच्या जोडीतला एक बैल लंगडत होता आणि तीन वर्षांनी त्याच्या जागी हेच वासरू चिखलात जुंपायचे होते.

दुपारी दोघी पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, जुड्या गोठ्यालगतच्या बांधीत पोचवत असताना योजनेचा पर्यवेक्षक अजय जीपमधून उतरला. हातात कोरी बादली होती.

"मॅडम, एक फोटो पाहिजे. गाय, बादली, दूध. बस्स."

"गाय आमच्याकडे आहे, बादली तुमच्याकडे," रंजीता म्हणाली. "दूध वासरानं प्यायलं."

"पाव लिटर तं निघन? वासरू काही मरून नाई राह्यलं."

सोमारीने डोक्यावरची जुडी उतरवली. "तुमच्या मायनं तुमच्या वाट्याचं शेजाऱ्याले देल्लं होतं काय, साहेब?"

बांधीतल्या बायका कंबर सरळ करून हसल्या. अजय चिडला आणि गोठ्यात जाऊन स्वतःच उकिडवा बसला. पाच मिनिटांत बादलीचा तळही ओला झाला नाही. गायीने पान्हा सोडलाच नव्हता.

"वासरू सोडा. पान्हा आला का वढून घ्या," तो म्हणाला.

सोमारीने वासराचा दोर मनगटाला गुंडाळला. "सोडतो. पण वढत नाई. पोट भरलं का ते आपोआप बाजूले होते."

"मंग गाय परत नेतो! सोमवारी गाडी आणतो. ज्याइले दूध नाई पाहिजे, त्याइले गाय कायले पाहिजे?"

"बैलासाठी," रंजीता म्हणाली. "आणि नेणार असाल तर आत्ताच लिहून द्या: वासराला आईचे दूध पाजले, या कारणासाठी गाय परत नेत आहे. खाली सही करा."

अजयने तिच्याकडे पाहिले, मग तिने पुढे केलेल्या पेनाकडे. पेन त्याने घेतले नाही. "सोमवारी," एवढे म्हणून तो बादलीसह जीपमध्ये बसला.

सोमारीने दोर सोडला. वासराने कासेला ढुशी दिली.

"वासरू लहान भरलं असतं, तं काढलं असतं तुनं दूध?" तिने विचारले.

रंजीताने पेनाला टोपण लावले. "काढलं असतं."

"खोटं नाई बोलली, हे बरं केलं."

"सोमवारी तो खरंच येईल, बाई. सगळ्यांना गोठ्यापाशी थांबवू."

"काऊन? रोवणी कोण करन, त्याचा बाप? सगळे बांधीतच राह्यतील. इथी गाडीपुढं बसाले तू न मी."

"आणि त्यानं आणखी माणसं आणली तर?"

"मले उचलाले दोघं लागतीन. तुले एक." सोमारीने उरलेली जुडी रंजीताच्या डोक्यावर ठेवली. "तवापर्यंत हे पऱ्हे सुकून राह्यले. चाल."