भागिरथाचा चुडा

टिक्!

डंखबाबाच्या झोपडीतून आवाज आला आणि बाहेरची गर्दी शहारली. "ऐकलं? भागिरथाचा चुडा फुटला!" बाबा आतून ओरडला. डोळ्यांवर पट्टी बांधून पालथ्या पडलेल्या जानरावाला मग म्हणे नागदेवता डसली.

मी दुर्गाबाई, किन्हीराजा गावची नर्स. साल शहात्तर, आणीबाणीचं. माझ्या सुईनं नसबंदी होते या भीतीनं शेतात पळणारे हेच गडी देवाच्या डंखासाठी रांगेत उभे होते. डोकं फिरायचं माझं!

भागिरथा ही जानरावाची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. दुसरी अंजना. दोन वर्षांपूर्वी तिचा तिसऱ्या महिन्यातला गर्भ पडला. जानराव खचला, बाबाला शरण गेला. दर दुसऱ्या गुरुवारी डंख. दंड भरले, अंगात जोर आला, पण अंजनाला पुन्हा दिवस गेले नाहीत.

"देव जोर देऊन राह्यला, पन भागिरथा हिच्या पोटात बसली," बाबानं निकाल दिला. येत्या गुरुवारी तापल्या विळ्यानं अंजनाच्या पोटावर डाग द्यायचं ठरलं.

बुधवारी अंजना माझ्याकडे आली. बोटातून रक्त वाहत होतं.

"सिस्टर, आता घरातबी मले तिच्या बांगड्या ऐकू येतेत. खरंच बसली असंन का व ती माह्या पोटात?"

"ते राहू दे. बोटाला काय झालं?"

"बाबाच्या धुनीची राख. अंगारा म्हनून खाले देली होती. खाववली नाही, भांडे घासाले घेतली."

उरलेली राख मी चाळणीतून काढली. वर इंजेक्शनच्या काचेच्या कुप्यांच्या मोडलेल्या बारीक माना राहिल्या, आणि एक फुटकी कुपी. तिच्यावर छापलेलं औषधाचं नाव वाचलं आणि कुपी रुमालात गुंडाळून ठेवली.

गुरुवारी मी तालुक्याच्या डॉक्टरांना घेऊन बाबाच्या झोपडीवर गेले. विळा निखाऱ्यात लाल झाला होता. मी पेटीतली जीवनसत्त्वाची कुपी काढून सगळ्यांसमोर तिची मान मोडली.

टिक्!

"फुटला का रे भागिरथाचा चुडा?" मी बाबाला विचारलं.

मी विळा निखाऱ्यातून ओढून पाण्यात टाकला. बाबाच्या आसनाखाली सिरिंज सापडली. पूर्वी कुठंतरी कंपाउंडर होता मेला!

डॉक्टरांनी जानरावाला बाजूला घेतलं. "बाबाच्या कुपीत पुरुषाचं संप्रेरक आहे. ते बाहेरून आयतं मिळालं की मेंदू अंडकोषांना निरोप धाडत नाही. ते आक्रसतात, बीज बनवणं थांबवतात. लहान झालेत ना?"

जानरावानं मान खाली घातली. "हो. मले वाटलं, तेबी भागिरथानंच खाल्ले."

"ज्याला हे औषध खरंच लागतं आणि मूलही हवं असतं, त्याच्या अंडकोषांचं काम चालू ठेवायला तपासून वेगळी इंजेक्शनं देतात. तुला तर यातलं काहीच लागत नव्हतं. आता हे बंद. वाशीमला चल, बीज तपासू. ते परत यायला कदाचित वर्ष लागेल, जास्तही. खात्री देत नाही."

म्हणजे नसबंदीला भिऊन पळालेल्यांनी रांग लावून तीच करून घेतली होती. आणि आळ कुणावर? एका मेलेल्या बाईवर, एका जितीवर.

परतताना अंजना म्हणाली, "सिस्टर, सुई त्याहिले टोचली. मंग विळा माह्यासाठी कायले तापवला?"

आजही कुठं काच वाजली की तो लाल विळा दिसतो.

म्हणून हात जोडून सांगते, अंगारा तोंडात टाकायच्या आधी एकदा चाळून बघा.