जपून ठेवलेला हरभरा

मी चिनी मातीची बरणी बोलतेय. काठाचा टवका उडालेली, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून घ्यायची सवय असलेली. माझी गोष्ट एका नवसापासून सुरू होते.

घरच्या बाईंची लेक तापाने फणफणली होती. तिच्या उशाशी बसून बाई देवाला बोलल्या, "ही उठू दे. शेताला मी एक साल गहू, एक साल हरभरा देईन. नुसतं ओरबाडणार नाही."

लेक उठली. लोक देवाला दिवा बोलतात, तू हरभरा बोललीस, असं म्हणून मालक हसले. पण त्यांनी नवस मोडू दिला नाही.

तेव्हापासून हरभऱ्याचं बियाणं माझ्या पोटात. बाई ते कडक उन्हात वाळवायच्या, चाळलेल्या राखेत घोळायच्या आणि देवाचं नाव घेत भरायच्या. बाकीचे हरभरा मुळासकट उपटायचे. बाई विळ्याने कापायच्या. मुळांवरच्या गाठी लेकीला दाखवून सांगायच्या, ही जमिनीची शिदोरी, तिची तिलाच राहू दे. पुढच्या साली गव्हाच्या ओंब्या भाराने वाकायच्या. देव तुमच्याच शेतात राहतो वाटतं, असं शेजारीण चिडवायची. बाई म्हणायच्या, तो सगळीकडेच राहतो, मी फक्त त्याला वाढते.

एका साली हरभरा निघाला, बाईंनी माझा दादरा बांधला आणि महिनाभरात त्या गेल्या.

पुढच्या साली गहू झाला. मग हरभऱ्याची पाळी आली. मालकांनी मला फडताळातून काढलं, दादऱ्याच्या गाठीवर बोट ठेवलं आणि परत ठेवून दिलं. पुन्हा गहूच पेरला. त्याच्या पुढच्या साली गहू, त्याच्याही पुढच्या साली गहू. मला मात्र रोज पुसायचे. आत भुंगे दाणे कुरतडत होते, ते मी कोणाला सांगणार?

यंदा लेक माहेरी आली. शेतात तिने ओंबी चोळली, तर तळहातावर चार दाणे, बाकी फोल. ती सरळ माझ्यापाशी आली.

"बाबा, आईचा नवस?"

"तिच्या हातचं शेवटचं आहे गं ते. पेरलं की संपेल."

"तिने पेरायलाच भरलं होतं, बाबा."

गाठ सुटली. आत राख आणि भोकं पडलेली टरफलं. त्यातल्या त्यात बरे तीस दाणे निवडून लेकीने ओल्या फडक्यात बांधले. पाच दिवस मालक त्यावर पाणी शिंपडत होते, उलगडून बघत होते. एकालाही मोड आला नाही. सहाव्या दिवशी ते फडकं छातीशी धरून ते लहान मुलासारखे रडले.

बाईंच्या वाणाचा दाणा आता कुठेच नाही. लेक शेजारणीकडे सूपभर हरभरा मागायला गेली आहे आणि मी धुऊन उन्हात उपडी ठेवलेली आहे.

ही गोष्ट ऐकणाऱ्या सखे, ऐकतेस ना? तूही एवढा नवस बोल. ज्या शेतातून गहू घेतलास, त्याला पुढच्या साली कडधान्य दे, मुळं मातीतच राहू दे. आणि गाठ कोणाच्याही हातची असो, पेरणीच्या दिवशी ती सोड.