मोरीचा उंबरा

१९०९ च्या जानेवारीत, पोंगलनंतर चौथ्या दिवशी सकाळी, ओरत्तनाडूजवळच्या आमच्या तळ्याची मोजपट्टी दोन फूट तीन इंच दाखवीत होती. बांधावर राजगोपाल छत्री उघडून बसला होता. तो नागपट्टणचा पिसांचा व्यापारी. विणीच्या दिवसांत बगळ्यांच्या पाठीवर येणारे तुरे विलायती टोप्यांसाठी, बंदी असूनही, चोरून जहाजावर चढत. आसपासच्या तालुक्यांतली झाडे त्याच्या माणसांनी आधीच रिकामी केली होती. उरली होती ती माझी धाकटी बहीण वसुमती हिच्या मालकीच्या या तळ्यातल्या बाभळींवरची दोनशे बारा घरटी. ती मी स्वतः मोजली होती.

राजगोपालजवळ बंदूक नव्हती, करार होता. त्याने भाद्रपदात तळ्यातल्या मासळीचा मक्ता घेतला, आणि आम्ही तो मासळीचाच समजलो. पाणी दोन फुटांखाली उतरले की मक्तेदाराने माणसे व जाळी घेऊन तळ्यात उतरावे, त्यापूर्वी नाही, असे त्यात लिहिले होते. हे वाक्य मीच जुन्या मक्त्यांवरून जसेच्या तसे उतरवले होते. जुन्या काळी ते निरुपद्रवी होते. तेव्हा बांधातून शेताकडे पाणी सोडणाऱ्या मोरीचा उंबरा, म्हणजे तिच्या तोंडाची खालची कड, तीन फुटांवर होता. त्याखालचे पाणी शेताकडे जाऊच शकत नसे. ते वैशाखात उन्हाने आटे, पिल्ले केव्हाच उडून गेल्यावर.

आठ वर्षांपूर्वी, ओवरसियरच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, मी तो उंबरा दोन फुटांनी खाली घेतला. मद्रासच्या कॉलेजात शिकलेल्या माणसाला तीन फूट पाणी निकामी पडून राहिलेले बघवत नव्हते. काम चोख झाले. पुढची आठ वर्षे पाऊस भरपूर पडला, म्हणून चूक झाकली गेली. यंदा कार्तिक कोरडा गेला.

मोरी उघडी होती. खाली पाटाजवळ आमचा कूळ गुरुमूर्ती फावडे घेऊन उभा होता.

"आणखी किती लागेल?" मी विचारले.

"अर्धे शेत भिजले, ऐया. उरलेल्याला तीन इंच द्या. दाणा दुधात आहे."

"द्या हो," राजगोपाल वरून म्हणाला. "शेतकऱ्याला पाणी नाकारणे बरे नव्हे."

वसुमती बांधावर आली. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"अण्णा, पिल्लांना उडायला किती दिवस हवेत?"

"अकरा. कदाचित बारा."

"आणि पाणी किती दिवस पुरेल?"

मी पट्टीकडे पाहिले. बोलता बोलता अर्धा इंच गेला होता. "मोरी आत्ता बंद केली तर उन्हाने रोज पाव इंच जाईल. दहा दिवस."

"म्हणजे कमी पडते."

"माझ्यामुळे कमी पडते," मी म्हणालो, आणि उंबऱ्याचा हिशेब तिला सांगितला. जो मी आठ वर्षांपूर्वी मांडायला हवा होता, तो.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. "मग आठ वर्षे मी तुमचे कौतुक करीत होते ते कशाचे?"

तिने गुरुमूर्तीला हाक मारली. "मोरी बंद कर. माझ्या विहिरीची मोट आजपासून तुझ्या शेताकडे."

"विहिरीच्या पाण्यात काय आहे, अम्मा? या पाण्यात पाखरांचे खत आहे. ऐयांच्या कॉलेजात हे शिकवीत नव्हते काय?"

"नव्हते," मी म्हणालो.

त्याने आपल्या पिकाकडे पाहिले. मग त्यानेच मोरीची फळी खाली पाडली. फटींत चिकणमाती मी भरली.

त्यानंतर रोज सकाळी मी पट्टी वाची. ती पाण्यात चार पायऱ्या आत होती, आणि करारानुसार राजगोपालला तिथवर येता येत नव्हते. त्याला त्याची फिकीर नव्हती. "तुमच्या आकड्यावर मी कोर्टातसुद्धा वाद घालणार नाही, ओवरसियर," तो म्हणे. त्याची सहा माणसे जाळी उशाशी घेऊन चिंचेखाली पत्ते खेळत. पिल्लांना चारा भरवायला आलेले पाखरू घरट्यावर जाळ्यात सहज सापडते. पिल्ले उडाली की ते पुन्हा तिथे येत नाही. त्यांना हे माझ्याइतकेच ठाऊक होते.

दहाव्या सकाळी पाणी बरोबर दोन फुटांच्या रेघेवर होते.

"खाली म्हणजे खाली," राजगोपाल हसून म्हणाला. "उद्या येतो."

अकराव्या सकाळी मी पायरीवर गुडघे टेकले. रेघ कोरडी होती. पाणी तिच्याखाली पाव इंचावर. बाकीची घरटी रिकामी झाली होती, पण समोरच्या दोन बाभळींवर अजून एकोणीस घरट्यांत पिल्ले होती. फांदीच्या टोकापर्यंत येत, पंख झाडीत आणि मागे सरत. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मी खोटा आकडा एकदाही लिहिला नव्हता.

"किती?" राजगोपालने विचारले. त्याची माणसे उठून उभी राहिली होती.

"दोन फूट."

"कालही दोन फूट, आजही?"

"काल दुपारी ढग होते."

ढग होते, पण घटकाभर. मी वही काढली, आकडा लिहिला, खाली सही केली आणि वही त्याच्यासमोर धरली. त्याने सही वाचली आणि माणसांना हाताने बसण्याची खूण केली.

तो दिवस मी बांधावरच काढला. वसुमतीने जेवण तिथेच पाठवले. दुपारी पहिले पिल्लू बाभळीवरून निघून बांधापर्यंत आले आणि चिखलात पडता पडता सावरले. संध्याकाळपर्यंत मी अकरा घरटी रिकामी होताना मोजली, दुसऱ्या दिवशी उजाडताच उरलेली आठ.

त्या बाराव्या सकाळी मी पट्टी वाचली. "एक फूट साडेअकरा इंच."

राजगोपालने बोटांवर मोजले. "एका दिवसात अर्धा इंच?"

"ऊन कडक होते," मागून गुरुमूर्ती म्हणाला. तो विहिरीची मोट सोडून केव्हा आला होता, ते मला कळले नव्हते.

राजगोपालने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग बाभळींकडे पाहिले. घरट्यांवर काहीच हलत नव्हते. करार त्याच्या हातात होता आणि त्यात लिहिलेली वेळ आली होती. त्याने छत्री मिटली. त्याची सहा माणसे जाळी घेऊन पाण्यात उतरली आणि मासे धरू लागली.