देवदूताचं नाक

"दगड कधी खोटं बोलत नाही!"

चर्चच्या दारात उभा राहून घंटेवाला हे वाक्य अशा काही आवाजात म्हणे, की पाहुण्यांचे हात आपोआप टोप्यांकडे जात. मग तो बोट वर करी. दारावरच्या कमानीत पंख पसरून बसलेला दगडी देवदूत सगळ्यांचा नीट बघून झाला, की घंटेवाला मान वळवून स्वतःचं नाक उन्हात धरी. मधे उंचवटा, पुढे बाक, पोपटानं हेवा करावा असं. वर तेच, खाली तेच.

"हे चर्च बांधणारा पाथरवट म्हणजे आमचा मूळ पुरुष. देवदूताला चेहरा कुणाचा द्यावा, यावर गाडं अडलं. शेवटी त्यानं स्वतःचाच दिला."

दगड खोटं बोलत नव्हता, हे अगदी खरं. पण नाक दगडाचं नव्हतं.

हे उघडकीला आणलं जुन्या इमारतींच्या खात्यातून आलेल्या तज्ज्ञबाईंनी. खेड्यातलं चर्च ते केवढं. पण बाई त्यावर लट्टू झाल्या. उलट्या होडीसारखं लाकडी छत त्यांनी बाकावर चक्क उताणं पडून पाहिलं. हातभर जाड भिंतींना कान लावला, तुळया टोचून पाहिल्या, आणि गुडघे टेकून टेकून खळगे पडलेल्या फरशीवरून हळूच हात फिरवला. घंटेवाला मागे मागे होता. जणू आपल्याच मुलीला पाहायला मंडळी आलीत आणि पसंतीची चिन्हं दिसताहेत, असा त्याचा चेहरा झाला होता.

मग बाईंनी दारावर शिडी लावली, वर चढल्या आणि देवदूताच्या नाकावर टिचकी मारली.

"हे सिमेंट आहे."

"काय सिमेंट आहे?" घंटेवाल्यानं खालून विचारलं.

"नाक."

घंटेवाल्याचा हात स्वतःच्या नाकाकडे गेला. ते जागेवर होतं.

"मूळ दगड मऊ आहे," बाई उतरत म्हणाल्या. "सिमेंटमागे ओल धरते. गाल आत्ताच भुसभुशीत झालाय. नाक काढावं लागेल."

फादर शेजारीच उभे होते. "म्हणजे देवदूत नकटा राहणार?"

"पुष्कळ ठिकाणी असतात."

"असतील. आमच्याकडे जोडपी लग्न लागल्यावर त्याच्याखाली उभी राहून फोटो काढतात. नकट्याखाली कोण उभं राहील?"

आयुष्यभर घंटेवाला नाकासमोर चालत आला होता, आणि आता समोर नाकच राहणार नव्हतं.

घरी आत्या कांदे सोलत होती. हातानं. नाकानं सोलायचं खातं या घरात घंटेवाल्याकडे होतं. चार कांद्यांसाठी तिनं भलंमोठं पातेलं घेतलं होतं, कारण तिच्याकडे एक भलंमोठं होतं आणि एक अगदीच चिमुकलं. मधलं का नाही, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

"आत्या, देवदूताचं नाक सिमेंटचं निघालं."

"कळलं का एकदाचं?" आत्या म्हणाली. "तुझ्या बापाचं आहे ते."

घंटेवाल्यानं तिच्यापुढचं पातेलं बाजूला सारलं.

"दादा कमानीला चुना मारायला चढला होता. शिडी घसरली, आणि शिडीचं टोक लागलं नेमकं नाकाला. पार चुरा! दुसऱ्या दिवशी बिशप यायचे होते. भर दुपारी, गाव घोरत असताना, मी शिडी धरली. दादा एका हातानं स्वतःचं नाक चाचपायचा, नि दुसऱ्या हातानं वर लिंपायचा."

"मग बिशप काय म्हणाले?"

"म्हणाले, चेहरा ओळखीचा वाटतो."

"आणि आधीचं कसं होतं?"

"बसकं. आपल्या फादरांसारखं."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू मूळ पुरुषाची गोष्ट सांगताना किती खूश दिसायचास! शिवाय तूच म्हणायचास, दगड खोटं बोलत नाही. म्हटलं, नसेल बोलत बाबा."

घंटेवाला पाळण्यात असताना त्याचा बाप गेला होता. घरात बापाचा फोटो एकच, तोही लग्नातल्या घोळक्याचा. त्यात बाप एका धिप्पाड मामाच्या मागे उभा होता आणि दिसत होता तो फक्त कान. त्या कानाकडे बघून घंटेवाल्यानं लहानपणी बापाचा चेहरा जुळवायचा खूप प्रयत्न केला होता. आणि रोज सकाळी चर्चचं दार उघडताना बापाच्या नाकाखालूनच तो आत जात होता!

दुसऱ्या दिवशी तो शिडीशी जाऊन उभा राहिला.

"बाई, मूळ पुरुष गेला उडत. पण ते माझ्या बापाचं नाक आहे. ते काढू नका." आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

बाई शिडीवरून खाली उतरल्या. "सिमेंट ठेवता येणार नाही हो. ठेवलं, तर एक दिवस अर्धा चेहरा घेऊनच खाली येईल. पण चुन्यात नवं घडवता येईल. चुन्यातून ओल निघून जाते. प्रश्न एवढाच, की कोणतं घडवायचं? अगदी मूळचं कसं होतं?"

"आत्या म्हणते, फादरांसारखं."

शिडी धरून उभे असलेले फादर घाईघाईनं म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर किती विसंबायचं? गावाची लग्नं लागली ती या नाकाखाली. हाही इतिहासच की!"

"इतिहास आहेच," बाई हसल्या. "फक्त पावसानं शेंडा झिजलाय. नमुना हवा."

सगळ्यांनी घंटेवाल्याकडे पाहिलं.

त्याला कमानीखाली खुर्चीत बसवलं. चेहऱ्याला तेल चोपडलं, श्वासासाठी तोंडात नळी दिली आणि नाकावर ओलं प्लॅस्टर थापलं. "हलू नका, बोलू नका," बाईंनी बजावलं. बोलू नका, हे त्याला उभ्या जन्मात कुणी सांगून जमलं नव्हतं, आज जमलं. इतकी वर्षं पाहुण्यांना मारलेली थाप आता खरी होणार होती. त्याचंच नाक देवदूताच्या चेहऱ्यावर जाणार होतं, तेही सरकारी खात्याच्या देखरेखीखाली. आणि ते त्याचं तरी कुठं होतं? बंद डोळ्यांच्या कडांतून पाणी येऊन प्लॅस्टरवर ओघळलं.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं. त्याला मानही हलवता येईना.

तेवढ्यात काठी टेकत आत्या आली. तिनं आधी खुर्चीतल्या भाच्याकडे पाहिलं, मग वर देवदूताकडे. खूप वेळ पाहिलं. फादरांनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्यानं पदरानं डोळे टिपले आणि बाईंना जवळ बोलावलं.

"बाई, शिडी लावलेलीच आहे, तर एक काम कराल? त्या डाव्या पंखामागे चाचपून बघा. माझं मधलं पातेलं असेल. दादानं त्यात सिमेंट कालवलं नि तिथंच विसरला. तेवढं खाली काढा, घासून घेईन."