वळणावरचं घर

इंदूबाईंनी पुठ्ठ्याच्या गल्लीत हात घातला आणि वळणावरचं निळं घर उचललं. त्यांचंच होतं ते. सकाळी काडेपेटीला निळा कागद चिकटवून, पेनाने दार काढून, त्यांनीच ते नकाशावर ठेवलं होतं.

“ह्ये काढा,” त्या म्हणाल्या. “म्हंजे गाडी वळंल.”

 त्याच गल्लीतल्या श्रीपतींनी टाळी वाजवली आणि बघता बघता शाळेचा सगळा हॉल वाजवायला लागला.

नीलमने टाळी वाजवली नाही. संस्थेतर्फे ही कार्यशाळा तिनेच आखली होती. शांती नगरच्या मागच्या या वस्तीत ॲम्ब्युलन्स शिरत नाही. श्रीपतींच्या बायकोला, मनोरमाला, खुर्चीत बसवून नाक्यावर न्यावं लागलं होतं, आणि ती बिचारी नाक्यावरच वारली. तेव्हा गल्ली रुंद कशी करायची हे बाहेरच्यांनी नाही, लोकांनीच ठरवायचं. त्यासाठी प्रत्येकाने आपलं घर रंगवून आणायचं. कल्पना झकास होती, नाही कोण म्हणतं! मार्ग दोनच निघाले: एक तर समोरच्या ओळीने आपापले ओटे तोडून थोडी थोडी जागा सोडायची, नाहीतर वळणावरचं एक घर हलवायचं. ओट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे त्या निळ्या घराकडे बघत गप्प बसून राहिले. नीलमही गप्प बसली. अशा वेळी आपण मधे पडायचं नाही, लोकांना वेळ द्यायचा, हे ती स्वतःच नवीन मुलांना शिकवायची.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आढाव्याची बैठक झाली. संस्थेचा प्रमुख पराग खुशीत होता.

“एकमत झालं, नीलम! इतकी वर्षं करतोय आपण हे. स्वतःहून घर सोडणारं कोणी बघितलंयस?”

“त्यांनी स्वतःहून नाही सोडलं. सगळ्यांनी मिळून सोडायला लावलं.”

“कोण बोललं त्यांना काही?”

“कोणीच नाही. तेच सांगतेय.”

परागने चष्मा काढून शर्टाला पुसला. माणूस वाईट नव्हता तो.

“बदली खोली मिळेल ना त्यांना.”

“कुठे? कधी?”

ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने भिंतीवर लावलेल्या फोटोंकडे बघितलं. सगळ्या फोटोंत लोक हसत होते.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “नकाशा शुक्रवारी पालिकेला द्यायचाय. त्यांनी नको म्हटलं तर पुन्हा सगळ्यांना बोलवू. ओट्यांचा विषय मी काढतो, शिव्या मी खातो. पण नको असं त्यांनी म्हणायला हवं.”

“म्हणतील की! का नाही म्हणणार?”

रिक्षात बसल्यावर नीलमला हायसं वाटलं. चूक झाली खरी, पण निस्तरता येण्याजोगी होती. एवढं नशीब आपल्या कामात कितीदा मिळतं?

इंदूबाईंच्या दारात तिला चपलांचा ढीग दिसला. काही वाईट तर नाही ना झालं? पण आतून हसण्याचा आवाज आला. बुद्धाच्या तसबिरीखाली, पलंगावर श्रीपती बसले होते. शेजारची सुचेता आणि आणखी दोघी चटईवर होत्या. नीलमला बघून सगळे उठले.

“देवमाणूस आहेत हो बाई,” जाता जाता श्रीपती म्हणाले.

चपला गेल्या. इंदूबाई कप गोळा करायला लागल्या. नीलमने सगळं एका दमात सांगून टाकलं. घर जायला नको, दुसरा मार्ग आहे, पुन्हा बसू, फक्त तुम्ही एकदा नको म्हणा.

“म्हंजे मी नको म्हनलं की झालं?”

“झालं, मावशी.”

इंदूबाईंनी शेवटचा कप उचलला.

“ताई, मी परभणीहून लगीन होऊन आले ती ह्याच घरात. शेजार चांगला हाय. कवा भांडन न्हाई, तंटा न्हाई. पन चहा ठिवू का म्हनलं की कुनाला ॲसिडिटी, कुनाचा उपास, कुनी आत्ताच घेतल्याला. हातात वाटी दिली तर ‘नंतर खाते’ म्हनायच्या. बोलायचं समदं उंबऱ्याभाईरनं. मनोरमाबाई बी तशाच, गेल्या बिचाऱ्या.” त्यांनी कप मोरीत ठेवले. “आज श्रीपतीभाऊंनी दोन येळा मागून घेतला.”

 नीलमला राग आला, आणि रडूही. दोन्ही गिळून ती म्हणाली,

“मावशी, पण घरच गेलं तर हे शेजारी तरी तुमचे कुठे उरणार आहेत?”

“ठावं हाय की. येडी न्हाई मी.”

“मग?”

“आत्ता नको म्हनलं तर उद्यापासनं पुन्ना भाईर हुबे ऱ्हातील. आन् गल्ली अडवली म्हनून बोलतील त्ये येगळंच.” त्यांनी मोरीतले कप विसळायला घेतले. “पाडाया कवा येतील?”

“मंजुरी, निविदा... पावसाळ्याच्या आत तर नाहीच.”

“मग हाय की येळ,” इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅसवर पुन्हा आधण ठेवलं. “बसा. सुचेता येते म्हनलीय भाजी निवडाया. हितंच, घरात.”