लुंबिनीचा फॉर्म

इंजिनिअरिंगला नांदेडच का घेतलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, घराजवळ म्हणून. देगलूरची एसटी पकडली की दोन तासांत दारात. हे खोटं नाही, आणि माझ्यापुरतं त्यात काही बिघडलेलंही नाही. एक्क्याण्णव पर्सेंटाइलवाल्या पोरीसाठी पुणं-मुंबई काही डोळे लावून बसलेलं नव्हतं. बिघडलं ते दुसरीचं, आणि ते मी बिघडवलं. चांगली शुद्धीत असताना, कॅफेत बसून, चहा पिता पिता.

लुंबिनी मला लातूरला भेटली, अकरावीत. आमच्याकडची पोरं दहावीला बरे मार्क पडले की लातूरला जातातच, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. माझे अप्पा देगलूरला किराणा दुकान चालवतात. तिचे वडील व्यंकटीकाका गवंडी, गाव तिकडं किनवटच्या बाजूला, इस्लापूर. कमलम्मांच्या घरातली वरची खोली आम्हा दोघींना मिळाली. कमलम्मा खाली मेस चालवायच्या आणि जेवताना कुणी पुस्तक उघडलं की ताट उचलून न्यायच्या.

क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी भिंतीवर सगळ्यांची नावं, नंबरासकट. पहिल्या यादीत लुंबिनी चौथी होती आणि मी एकशे बारावी. देगलूरला मी वर्गात पहिली यायचे, त्यामुळं माझं धाबंच दणाणलं. पहिल्या महिन्यात तीनदा मी बॅग भरली. तिन्ही वेळा लुंबिनीनं ती रिकामी केली, एक शब्द न बोलता कपड्यांच्या घड्या घालून कपाटात ठेवल्या. चौथ्यांदा मात्र ती दारात आडवी उभी राहिली.

"जायचं तर जा मंजे," ती म्हणाली. "पण हे एक गणित सोडवून जा. असं पळून कामून जातीस?"

गणित सुटायला दोन तास लागले. तोवर देगलूरची गाडी निघून गेली होती. मग मी दोन वर्षं राहिले. पहाटे ती मला उठवायची, तिच्या वहीतून मी अभ्यास करायचे, आणि माझा नंबर चाळीसच्या आत आला तेव्हा माझ्यापेक्षा तीच जास्त नाचली. मला एकटीला काही जमत नाही हे मला लातूरला कळलं, आणि ती असली की सगळं जमतं हेही तिथंच कळलं.

तिला सिव्हिल करायचं होतं. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या नकाशावर भिंती उभ्या केल्या, आता नकाशा मी काढणार, असं ती म्हणायची. मला काय करायचं होतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मीही सिव्हिलच म्हणून टाकलं.

लुंबिनीकडं फोन नव्हता. सीईटीचा फॉर्म भरताना तिनं माझाच नंबर टाकला. "आमच्या इस्लापूरला रेंज म्हंजे पाव्हणा. आला तर आला," ती हसून म्हणाली. त्यामुळं तिचे सगळे ओटीपी माझ्याकडं यायचे, आणि तिचा पासवर्डही मला पाठ होता.

निकाल लागला. तिला साडेअठ्ठ्याण्णवच्या वर, मला एक्क्याण्णव. पसंतीक्रम भरायची वेळ आली तेव्हा ती गावाकडं होती. तिच्या आईचं, सरजाबाईंचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं, घरात दुसरं करणारं कुणी नाही. तिनं शेजारणीच्या फोनवरून मला फोन केला. मी तेव्हा नांदेडला एका नेट कॅफेत माझा फॉर्म भरत बसले होते.

"तूच भर गं माझा. पयलं पुण्याचं सरकारी, सिव्हिल. मग मी सांगते तसं. नांदेड दहावं टाक, आपलं असू दे सेफ्टीला."

मी एकेक कॉलेज टाकत गेले. शेवटी ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचून दाखवलं, अगदी बरोबर होतं. "हाव, कर लॉक," ती म्हणाली आणि फोन कट झाला.

आता फक्त ओटीपी टाकायचा राहिला होता. मी चहा मागवला. स्क्रीनवर शेजारच्या खिडकीत माझा फॉर्म उघडा होता, त्यात नांदेड पहिलं. तिच्यात पुणं पहिलं. मी दोन्ही याद्या आळीपाळीनं बघत होते. चार वर्षं. सकाळी मला कोण उठवणार, भिंतीवर नाव शेवटी लागलं की कोणाजवळ जाऊन रडायचं, असलं सगळं मनात येत होतं. आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. ती किती सहज पुणं म्हणाली होती. मी कुठं जाणार हे तिनं विचारलंसुद्धा नव्हतं.

आदल्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले होते, "त्या लोकांना काय, कुठंबी लागतंय. तू तुझं बघ." त्यावरून मी ताटावरून उठेपर्यंत भांडले होते. लुंबिनीला पुणं खुल्या जागेतून मिळतंय, कुणाच्या मेहरबानीची तिला गरज नाही, असं मीच त्यांना सुनावलं होतं. आणि कॅफेत बसल्यावर तेच अप्पांचं वाक्य माझ्या कामी आलं. तिला काय, कुठंही लागेल. नांदेडला राहिली तरी ती पहिलीच येणार.

मी नांदेड दहाव्या जागेवरून उचललं आणि पहिल्या जागेवर ठेवलं. नियम मला तोंडपाठ होता. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या आपल्याला बंद. ओटीपी माझ्याच फोनवर आला. मी टाकला. चहा संपवला.

पहिल्या फेरीत दोघींनाही नांदेड लागलं.

प्रवेश घ्यायला ती व्यंकटीकाकांबरोबर आली. काकांनी माझ्यासाठी पळसाच्या पानात बांधून जांभळं आणली होती. "लई बरं झालं माय," ते म्हणाले. "लेकरू जवळ राहिलं. तिच्या आईला बी धीर आला. तू हायस म्हणून मला काळजी न्हाई." मी जांभळं घेतली. नाही कशी म्हणणार होते!

लुंबिनी मला पार्किंगजवळच्या लिंबाखाली घेऊन गेली. तिच्या हातात अलॉटमेंटचं पत्र होतं, आणि त्यावर पसंती क्रमांकाच्या पुढं स्वच्छ एक छापलेला.

"मंजे, क्रम कसा काय बदलला?"

"मला काय माहीत? सर्व्हर हँग होत होता. खालीवर झालं असंल."

"तू वाचून दाखवला की मला."

"तवा बरोबरच होता."

तिनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मदत केंद्रावरच्या सरांना विचारलं मी. फॉर्म जिनं भरला तिनं चूक लिहून दिली, तर वर पाठवून बघतो म्हणून राहिले. होईल का न्हाई, सांगता येत न्हाई म्हणले. पण उद्या पाचच्या आत द्यायला लागतंय." तिनं माझा हात धरला. "एकदा खरं सांग. मी काहीच म्हणणार न्हाई."

ती खरंच काही म्हणाली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. एका कागदावर चार ओळी लिहायच्या होत्या. मी काय केलं? मी चिडले. "दोन वर्षं एका ताटात जेवलो आणि आता माझ्यावर संशय घेतीस?" असं म्हणून मी रडायला लागले. मला लाज वाटते ती याची, की ते रडू अगदी खरं होतं.

लुंबिनीनं ओढणीनं माझे डोळे पुसले. "हाव. रडू नको," ती म्हणाली. "चूक झाली असंल मशीनची."

दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी फोन हातात घेऊन बसले होते. पाच वाजले, आणि मला वाटलं, सुटले.

होस्टेलच्या अर्जात रूममेट म्हणून मी तिचं नाव लिहिलं. तिनं सृष्टी नावाच्या हिंगोलीच्या एका मुलीचं लिहिलं होतं. वर्गात भेटली की ती नीट बोलायची, नोट्स मागितल्या तर द्यायची, ताप आला तेव्हा माझ्यासाठी गोळ्याही घेऊन आली. फक्त मंजे म्हणायची बंद झाली. मंजुश्री म्हणायला लागली, हजेरीत सर म्हणतात तसं पूर्ण. भांडली असती तर मी पाया पडले असते. पण भांडायला ती आलीच नाही.

कॉलेजचे दिवस कसे जगायचे हे मी तिच्याकडं लांबून बघून शिकले. पहिल्या सेमिस्टरपासून ती पहिली. एनएसएसच्या शिबिरात तिनं गावाचा बंधारा मोजला, वादविवादात दोन वेळा ढाल आणली, लायब्ररी बंद करणारे काका तिची वही लिहून होईपर्यंत चाव्या वाजवत उभे राहायचे. मी कँटीनमध्ये बसायचे. ज्या चार वर्षांसाठी मी हे सगळं केलं, त्यातली तीन मी कँटीनच्या टेबलावरून तिला येता-जाता बघण्यात घालवली. पुण्यात ती काय झाली असती, हा हिशेब रोज मनात चालायचा आणि रोज मीच हरायचे.

यंदाच्या जूनमध्ये कॉलेजनं प्रवेशासाठी मदत केंद्र उघडलं आणि लुंबिनी तिथं बसायला लागली. गावाकडची पोरं-पोरी यायची, तिला म्हणायची, ताई तुम्हीच भरा. ती कीबोर्डला हात लावायची नाही. "तुझा फॉर्म तूच दाबायचा," म्हणायची आणि शेजारी बसून एकेक ओळ वाचायला लावायची. मी दोन दिवस दारातून बघून परत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिच्यासमोरची खुर्ची रिकामी होती. मी जाऊन बसले.

"लुंबिनी, तो क्रम मी बदलला होता."

"माहीत हाय," ती म्हणाली. डबा उघडत होती, ती थांबली नाही.

"कधीपासून?"

"लिंबाखाली तू रडायला लागलीस तवापासून. सर्व्हरनं खालीवर केलं असतं तर तू माझ्याबरोबर सरांकडं पळत आली असतीस." तिनं डब्याचं झाकण परत लावलं. "अर्ज मी लिहून आणला होता मंजुश्री. पिशवीत होता. खाली निस्ती तुझी सही लागत होती."

मी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला. कशीबशी म्हणाले, "आता देते लिहून. कुठं सांगशील तिथं. काकांना सांगते."

"बाबांना नको सांगूस," ती पहिल्यांदा जरा मोठ्यानं बोलली. "ते अजून मायेनं तुझं नाव घेतात."

 मग तीन वर्षं मनात राहिलेलं मी विचारून टाकलं. "मी तवाच विचारलं असतं, माझ्यासाठी नांदेडला राहा म्हणून, तर राहिली असतीस?"

मला वाटलं, ती हो म्हणेल. मला तिनं हो म्हणायला हवं होतं. म्हणजे माझी चूक घाईची ठरली असती, वाईटपणाची नाही.

"न्हाई," लुंबिनी म्हणाली. "गेलेच असते पुण्याला." ती माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "पण दर दिवाळीला येताना आधी देगलूरला उतरले असते. तुझ्याकडं. मंग घरी गेले असते."

पुण्याहून इस्लापूरला जायला देगलूर लागत नाही. नांदेडपासून ते उलट्या दिशेला आहे.

तेवढ्यात दारात एक मुलगी आणि तिची आई येऊन उभ्या राहिल्या, हातात कागदांची पिशवी. लुंबिनीनं त्यांना आत बोलावलं. समोर एकच खुर्ची होती. मी उठले आणि त्या मुलीला बसायला जागा दिली.