धरून ठेवलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा फुटबॉल आहे. माझ्या पोटात आता हवा टिकत नाही. मला नीट सांगता येईल की नाही, याचीही खात्री नाही. तरी सांगतो, कारण माझ्यामुळे एक वाईट गोष्ट घडली असावी.

छावणीतल्या एका मोच्याने मला शिवले आणि तरुण संघपालने विकत घेतले. संघपाल हरहुन्नरी होता. जयंतीला ढोलकी वाजवायचा, दुकानांच्या पाट्या रंगवायचा, माझी उसवलेली शिवण स्वतःच घालायचा. पण त्याचे नाव झाले ते डोक्याने मारलेल्या गोलांमुळे.

त्यासाठी तो मला संध्याकाळी हौदात बुडवून ठेवी. सकाळी पाणी पिऊन जड झालेल्या मला लिंबाच्या फांदीला टांगी आणि शंभर वेळा डोक्याने मारी. जड चेंडूने डोके पक्के होते, असे त्याचा सगळा संघच मानायचा.

"संघ्या, हे डोकं हाय का खलबत्ता?" कप्तान कचरू विचारायचा.

"खलबत्ताच हाय. तू फक्त चेंडू वर दे."

सगळे हसायचे. मीही फुशारून जायचो.

पुढे गुडघा गेला आणि संघपाल मराठीचे सर झाले. मला ते वर्गात आणू लागले. ते मला फेकत. जो झेलेल त्याने एक शब्द सांगायचा आणि मला पुढे द्यायचे. शब्द सुचला नाही तर धरून बसायचे. "कुणी हिसकायचा नाय. शब्द येतो," सर म्हणत. लासूर स्टेशनहून येणारी एक अडखळत बोलणारी मुलगी अख्खा तास मला पोटाशी धरून बसली होती. घंटा होता होता म्हणाली, "पाखरू." सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला.

सर निवृत्त झाले, मी माळ्यावर गेलो. मग सरांचे शब्द हरवू लागले. आधी चमचा, मग गल्ली, मग बायकोचे नाव. त्यांची मुलगी विशाखा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. परत आल्यावर ती आईला सांगत होती, ते मी वरून ऐकले. डोक्याला कधी मार लागला होता का, असे डॉक्टरांनी विचारले होते. तिने हौदाची गोष्ट सांगितली. नक्की सांगता येत नाही, पण तेही कारण असू शकते, असे डॉक्टर म्हणाले होते.

मित्रांनो, तेव्हापासून मला ते हसणे आठवत नाही. फक्त शंभर आकडा आठवतो.

काल विशाखाने मला खाली काढले आणि हळूच सरांच्या मांडीवर टाकले.

"बाबा, माझं नाव सांगा."

सरांचे ओठ हलले. "हे... आपलं..."

बराच वेळ गेला. "राहू द्या, बाबा," म्हणत तिने हात पुढे केला. सरांनी मला पोटाशी ओढले.

"हिसकायचा नाय."

विशाखा त्यांच्यासमोर खालीच बसली. चहावर साय धरली. ऊन भिंतीवरून उतरले. नाव आले नाही.

मुलांनो, माझ्याशी पायाने खेळा, कोवळी डोकी माझ्यापासून जपा. आणि घरात कुणी शब्द शोधत असेल, तर त्यांच्यासमोर थोडे बसा.

आज सकाळी सरांनी मला पुन्हा मागून घेतले. विशाखा समोर बसली आहे.